थांबा बंद, रस्ता चालू

४ मार्च, मंगळवार

कंपनीने आमच्या अख्ख्या टीमला घरी बसवून आज एकोणीस दिवस झाले. आज वार कुठला हे मला सकाळी दुधाच्या पिशवीवरची तारीख बघून कळलं. हे काही बरं लक्षण नाही. म्हणून ही वही. काही नाही तर रोज तारीख तरी लिहावी लागेल.

घरात आम्ही दोघंच, मी आणि अप्पा. अप्पा म्हणजे माझे सासरे. नवरा जहाजावर इंजिनियर आहे, सहा महिने पाण्यात आणि तीन महिने घरात. मी त्याला खलाशी म्हणते, त्याला ते आवडत नाही. तो मेअखेर येईल. सासूबाई गेल्यावर, म्हणजे गेल्या वर्षी, अप्पा आमच्याकडे राहायला आले. बस डेपोत चौतीस वर्षं वेळापत्रकं आखली त्यांनी. आमचं भांडण नाही, पण गप्पाही नाहीत. ‘गॅस बंद केला का’, ‘त्याचा फोन आला का’ एवढ्यावर आमचं भागतं.

आज एक ठरवलं. अकरा वर्षांपूर्वी, पहिल्या नोकरीत, मी हौसेने एक लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येईल असा तयार कोड, लिहिली होती. झाडं आणि ग्राफ. प्रोग्रामरला माहिती मांडून ठेवायला जे साचे लागतात त्यातले हे दोन. झाडात एका बुंध्यापासून फांद्या फुटत जातात, ग्राफमध्ये ठिपके असतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. कोणीही घ्यावी म्हणून नेटवर ठेवली होती, आणि लोकांनी घेतलीही. मग मोठी नोकरी लागली आणि चार वर्षं मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्रेचाळीस तक्रारी साठल्या आहेत. लायब्ररी टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या जुन्या आवृत्तीतली. आज नवी आवृत्ती घालून कडक तपासणी चालू केली, तर सहाशे बारा चुका.

बघितल्या, लॅपटॉप मिटला आणि झोपले. दुपारी तीन वाजता.

६ मार्च, गुरुवार

अप्पांनी विचारलं, “दिवसभर काय टकटक चालते?” सांगून काही कळणार नाही असं धरून चालून मी सांगितलं. ठिपके, रेघा, एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत सगळ्यात जवळची वाट कशी काढायची, वगैरे.

ते म्हणाले, “म्हणजे थांबे आणि रस्ते.”

मी म्हटलं, “हो, तसंच काहीसं.”

“काहीसं नाही. तेच.” मग उठून गेले, जुन्या कॅलेंडरचं पान घेऊन आले, आणि त्याच्या मागच्या बाजूला जाड मार्करने सात थांबे काढून त्यांच्यात रेघा ओढल्या. अक्षरं केवढी, तर एकेक माझ्या तळहाताएवढं. मी काय पहिलीत आहे? पण रेघांवर बाण काढायला ते विसरले नाहीत. काही रस्ते एकेरी असतात, हे मला कॉलेजात शिकवायला एक तास लागला होता.

७ मार्च, शुक्रवार

पाचशे नव्वद.

११ मार्च, मंगळवार

आजचा दिवस वेगळा गेला म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळी अप्पांनी मला बल्ब आणायला पाठवलं. काल पाव, परवा सेल. यांना रोज काहीतरी आठवतं, आणि ते नेमकं कोपऱ्यावरच्या दुकानात न मिळणारं असतं. दोन चौक चालून जावं लागतं. स्वतः जायचं नाव नाही. पूर्वी संध्याकाळी फिरायला जायचे, तेही बंद केलंय. “गर्दी असते,” म्हणतात. आमच्या रस्त्यावर संध्याकाळी गर्दी म्हणजे समोरचा शिंपी आणि त्याचं मांजर.

परत आले तर हे माझ्या टेबलाशी बसलेले. मी काल छापून ठेवलेली पानं हातात होती. म्हटलं, बघा. त्यांनी पान वर धरलं, खाली धरलं, परत दिलं. “मोठ्याने वाच,” म्हणाले.

“कोड मोठ्याने वाचत नाहीत, अप्पा.”

“डेपोत आम्ही वाचायचो. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं. वाचणारा स्वतःच्या चुकांवरून सरळ चालत जातो. ऐकणाऱ्याला ठेच लागते.”

नाही म्हणायचा कंटाळा आला म्हणून वाचलं. सगळ्यात लहान फाइल घेतली, झाडात नवं पान कुठे बसवायचं ती. ‘नवं मूल्य लहान असेल तर डावीकडे जा, मोठं असेल तर उजवीकडे जा.’ अप्पा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, “आणि सारखंच असेल तर?”

मी थांबले. सारखंच असेल तर माझा कोड काहीच करत नव्हता. मूल्य गुपचूप हरवत होतं. अकरा वर्षं. साठलेल्या तक्रारींपैकी सहा याच दुखण्याच्या निघाल्या.

संध्याकाळपर्यंत पाचशे एकतीस. आज आंघोळ सकाळी झाली, हेही नोंदवून ठेवते.

१५ मार्च, शनिवार

भांडण. दिव्यांवरून. अप्पा भर दुपारी घरातले सगळे दिवे लावून ठेवतात. मी मागून बंद करत जाते, ते पुन्हा लावतात. आज मी म्हटलं, “ऊन आहे की अप्पा बाहेर.” ते म्हणाले, “असू दे.” मग चहा ओतताना निम्मा कपाच्या बाहेर. चिडले की हात असा हिसडतात. मी पुसून घेतलं.

अर्ध्या तासाने हाक आली, “वाचायचं आहे ना?” त्यांच्याकडे माफी मागायची पद्धत ही एवढीच. मला चालते.

१९ मार्च, बुधवार

टाइपस्क्रिप्टमध्ये प्रत्येक गोष्ट कोणत्या जातीची आहे हे सांगावं लागतं: हा आकडा, हा मजकूर, ही यादी. ज्याला सांगायचा कंटाळा त्याच्यासाठी एक पळवाट आहे, ‘एनी’. म्हणजे काहीही चालेल. चोवीस वर्षांच्या मीने ती दोनशे आठ ठिकाणी लिहून ठेवली आहे. अप्पांना हे समजावलं तर म्हणाले, “तुझ्या सासूने एका डब्यावर ‘किरकोळ’ अशी चिठ्ठी लावली होती. लग्नानंतर चाळीस वर्षं कुठलीही वस्तू सापडली नाही की आम्ही त्याच डब्यात शोधायचो.”

“सापडायची?”

“कधीच नाही. पण शोधायला डबा होता.”

सासूबाईंबद्दल ते पहिल्यांदा बोलले. मी पुढचं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का? मग आम्ही दोघांनी मिळून चौदा ‘किरकोळ’ काढून टाकले. प्रत्येक वेळी मी वाचायची आणि ते विचारायचे, “यात नेमकं काय ठेवणार आहेस?” उत्तर देता आलं की जात लिहून टाकायची. वरिष्ठ म्हणून मी आठ वर्षं लोकांचा कोड तपासला, इतका साधा प्रश्न मी कोणाला विचारला नव्हता.

२२ मार्च, शनिवार

एक जुनी चूक सापडली. ग्राफमधून ठिपका काढून टाकला की त्याच्यापासून निघणाऱ्या रेघा जात होत्या, पण त्याच्याकडे येणाऱ्या रेघा तशाच लोंबकळत राहत होत्या. नसलेल्या गावाकडे जाणारे रस्ते. लाज वाटली. दहा मिनिटांत दुरुस्त केलं.

एक टेस्ट मात्र नापास झाली. टेस्ट म्हणजे कोडने काय उत्तर द्यायला हवं ते आधीच लिहून ठेवलेलं असतं. ठिपका काढल्यावर तीन रेघा उरायला हव्यात असं तिथे लिहिलं होतं, आता एकच उरत होती. साहजिकच आहे. मी तीनचा एक केला.

अप्पा ऐकत होते. म्हणाले, “तीन कोणी लिहिलं होतं?”

“मीच असेन. किंवा कोणीतरी पाठवलं असेल. चुकीचं होतं ते.”

“असेल. पण कोणीतरी मुद्दाम मोजून लिहिलं असेल ना?”

मी म्हटलं, “अप्पा, गणित आहे हे. ठिपकाच नाही तर त्याच्याकडे रेघ कशी जाईल?” त्यांनी माझ्याकडे तिरकं पाहिलं. उत्तर पटलं नाही की ते मान पूर्ण वळवून, जरा तिरके होऊन बघतात. समोरच्याला अगदी लहान करून टाकणारी नजर आहे ती.

सगळ्या चुका काढलेली मोठी आवृत्ती अजून महिनाभर दूर आहे. पण ही दुरुस्ती कशाला अडवून ठेवायची, म्हणून छोटी दुरुस्ती म्हणून आजच सोडली. छोटी दुरुस्ती लोकांच्या मशीनवर आपोआप जाऊन बसते, कोणाला काही करावं लागत नाही. महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी हातावेगळं केल्यासारखं वाटलं.

२६ मार्च, बुधवार

खलाशाचा फोन. आवाज तुटत होता. म्हणाला, “अप्पा काय म्हणतात?”

“मजेत आहेत. माझा कोड ऐकतात.”

“अप्पा? पेपर सोडून दुसरं काही वाचतात?”

“पेपर बंद केला त्यांनी. बातम्यांत काय असतं, म्हणाले.”

“पेपर बंद केला?” तेवढ्यात फोन कटला. अप्पा जिन्यापाशी उभे होते. अलीकडे ते पायऱ्या मोजत उतरतात, हळू आवाजात, चौदापर्यंत. व्यायाम असावा. या वयात शिस्त आहे माणसाला, मानलं पाहिजे.

२ एप्रिल, बुधवार

आजच लिहून ठेवते. कारण उद्या मी हे सौम्य करून सांगेन.

दुपारी लायब्ररीच्या पानावर एक नवी तक्रार आली. तशीच उतरवून घेते.

‘मी प्रोग्रामर नाही, नर्स आहे. आमच्या चार गाड्या रुग्णांना डायलिसिससाठी दवाखान्यात आणतात आणि परत सोडतात. रस्ता आखायचा प्रोग्राम मी पुस्तकावरून शिकून तुमच्या लायब्ररीवर बनवला, चार वर्षं नीट चालला. रुग्ण बाहेरगावी गेला की मी त्याचं घर ग्राफमधून काढते, आला की परत घालते. काल एक आजी आठ दिवसांनी लेकीकडून परत आल्या. त्यांचं घर मी परत घातलं, पण यादीत आलं नाही. आज सकाळी सातपासून त्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. साडेदहाला शेजारणीने बघितलं आणि स्वतःच्या गाडीतून आणलं. आता बऱ्या आहेत, आज इथेच ठेवलंय. मी दोष द्यायला लिहीत नाही. काय बदललं ते कळलं तर बरं होईल.’

काय बदललं ते मला वाचता वाचता कळलं. घर काढलं की आधी त्याच्याकडे येणारे रस्ते राहायचे. त्या बाईंना वाटायचं ती सोयच आहे. घर परत घातलं की नुसते जाणारे रस्ते जोडायचे, येणारे तर होतेच. माझ्या ‘दुरुस्ती’नंतर ते येणारे रस्ते पुसले गेले. आजींचं घर नकाशात होतं, पण तिथे पोहोचायला वाट नव्हती. आणि वाट नाही म्हणून प्रोग्रामने ते निमूटपणे वगळलं.

तो तीन त्यांनीच लिहिला होता. मागे जाऊन नोंद पाहिली. चार वर्षांपूर्वी त्यांनी टेस्ट पाठवली होती आणि मी एका शब्दाचं उत्तर देऊन ती घेतली होती. ‘धन्यवाद.’

अप्पांना सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, मी विचारलं होतं. त्यांनी विचारलं, “आजी कशा आहेत?”

“बऱ्या आहेत म्हणे.”

“मग आधी जुनं परत चालू कर. रडायचं ते नंतर.”

वीस मिनिटांत जुनी वागणूक परत सोडली. नर्सबाईंना लिहिलं की चूक सर्वस्वी माझी, आजच्या आवृत्तीत तुमचं पूर्वीसारखं चालेल, फक्त गेल्या अकरा दिवसांत काढलेलं प्रत्येक घर एकदा नीट तपासा. मग रडले. अप्पा शेजारी बसून राहिले. पाठीवर हात ठेवायला गेले तो आधी खुर्चीच्या पाठीवर पडला, मग माझ्या.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी म्हटलं, लायब्ररी बंद करते. पानावर लिहून टाकते की यापुढे कोणी वापरू नका.

अप्पांनी टोस्ट खाऊन संपवला, मग बोलले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“डेपोत मी नवा होतो तेव्हा एका गावाचा रस्ता खणला होता. मी तक्त्यावरून तो थांबा खोडला. रस्ता दोन दिवसांत झाला. थांबा परत लिहायचा राहिला. अकरा दिवस तिथे बस गेली नाही. कोणी तक्रारसुद्धा केली नाही, बाई. लोकांना वाटलं, सरकारने काढली असेल. एक शाळामास्तरीण रोज दीड तास चालत जात होती. बाराव्या दिवशी ती डेपोत आली. तिच्या पायातली चप्पल मला अजून दिसते.”

“मग?”

“मग मी राजीनामा लिहिला. साहेबांनी फाडला. म्हणाले, तू गेलास तर तुझ्या जागी येणारा हीच चूक पहिल्यापासून करेल. त्या दिवसापासून आम्ही थांबा खोडणं बंद केलं. लाल चिठ्ठी लटकवायची: आज नाही. थांबा तक्त्यावर, रस्ते तक्त्यावर, वर फक्त चिठ्ठी. थांबा बंद झाला म्हणून कोणी रस्ता उखडत नाही.”

मी टोस्ट खाली ठेवला. माझ्या लायब्ररीत ठिपका असतो किंवा नसतो. ‘आहे, पण आज नाही’ असं म्हणायची सोयच नाही. नर्सबाईंना चार वर्षं तेच म्हणायचं होतं, आणि माझ्या चुकीतून त्यांनी ते कसंबसं म्हणून घेतलं होतं.

५ एप्रिल, शनिवार

दोन दिवस वाचन आणि फक्त वाचन. दोन नवी कामं लिहिली, ‘बंद कर’ आणि ‘चालू कर’. बंद ठिपका वाट शोधताना वगळायचा, पण त्याच्या रेघांना हात लावायचा नाही. ‘काढून टाक’ आता खरोखर काढून टाकेल, पण ते मोठ्या आवृत्तीतच, आणि पहिल्याच ओळीत ठळक लिहून. आणि वाट सापडली नाही तर गप्प बसायचं नाही, कोणत्या ठिपक्याला वाट नाही ते सांगायचं. ही शेवटची अट अप्पांची. “अकरा दिवस कोणी बोललं नाही,” एवढंच म्हणाले.

नर्सबाईंनी कच्ची आवृत्ती मागच्या महिन्याच्या याद्यांवर चालवून बघितली. सगळी घरं बरोबर आली. त्यांनी लिहिलं, ‘आजी विचारतात, कॉम्प्युटर रागावला होता का.’

चुका उरल्या सत्तावन्न.

७ एप्रिल, सोमवार

लायब्ररीच्या पानावर मदत करणाऱ्यांची नावं असतात. आज सकाळी मी त्यात अप्पांचं पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे लिहिलं: वेळापत्रकं. त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून लॅपटॉप उघडून ते पान मोठं करून ठेवलं आणि चहा टाकायला गेले. ते आले, टेबलाशी बसले. मी आतून म्हटलं, “समोर बघा, अप्पा. कसं दिसतंय?”

“छान,” ते म्हणाले. “छान दिसतंय. नीटनेटकं केलंस.”

मी कप घेऊन बाहेर आले. लॅपटॉप झोपी गेला होता. पडदा पूर्ण काळा होता. अप्पा त्या काळ्या पडद्याकडे, मान जरा वळवून, हसऱ्या चेहऱ्याने बघत होते.

कप मी कुठे ठेवला आठवत नाही. पेपर, दिवे, पायऱ्या, तळहाताएवढी अक्षरं, कपाबाहेरचा चहा. महिनाभर मी त्यांना एकेक ओळ वाचून दाखवत होते आणि ही एवढी ओळ मला वाचता आली नाही. तिरकी नजर म्हणे. समोरच्याला लहान करणारी.

त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, “अप्पा, कधीपासून दिसत नाही?”

त्यांनी लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “दिसतं की. कडेने दिसतं.”

९ एप्रिल, बुधवार

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण आहेत आणि तोंडाने फटकळ. “वर्षभर काय करत होतात?” असं त्यांनी अप्पांना विचारलं, पण बघितलं माझ्याकडे. डावा डोळा काचबिंदूने गेलाय, तो परत येणार नाही. उजव्यात मोतीबिंदू पिकलाय, मागची नस अजून बरी आहे. ऑपरेशन केलं तर त्याने दिसेल, आणि थेंब जन्मभर.

रिक्षात मी विचारलं, “सांगितलं का नाही?”

“तो जहाज सोडून आला असता.”

“मला सांगायचं.”

“तुला?” अप्पांनी रस्त्याकडे तोंड केलं. “तू फेब्रुवारीत दुपारी बारापर्यंत उठत नव्हतीस. तुझ्यावर आणखी काय टाकायचं?”

मी थेंबांची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. मग म्हटलं, “म्हणून मला रोज बाजारात पाठवत होता. दिसत नव्हतं म्हणून.”

“हो,” ते म्हणाले. “म्हणूनच.”

खलाशाला सगळं लिहून कळवलं. शेवटी लिहिलं: ‘येऊ नकोस, मी आहे.’

१८ एप्रिल, शुक्रवार

ऑपरेशन झालं. वीस मिनिटं. बाहेर बाकावर बसून मी सत्तावन्नातल्या नऊ चुका काढल्या. दुसरं काय करणार, हात रिकामे राहिले की वाईटसाईट मनात येतं. आत जाताना त्यांनी नर्सला विचारलं, “दारापर्यंत किती पावलं?” तिला वाटलं थट्टा करतात.

१९ एप्रिल, शनिवार

पट्टी निघाली. बराच वेळ खोलीभर बघत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तू वाळलीस.” मी म्हटलं, “तुम्हीही काही पैलवान दिसत नाही.” डॉक्टर पलीकडून म्हणाल्या, “भांडण घरी.”

घरी येऊन त्यांनी सासूबाईंचा फोटो भिंतीवरून उतरवला, खिडकीपाशी नेला. मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि बराच वेळ भांडी घासली. स्वच्छ भांडीसुद्धा.

२४ एप्रिल, गुरुवार

शून्य.

मोठी आवृत्ती, लायब्ररीची तिसरी, आज सकाळी सव्वाअकराला सोडली. एकही ‘किरकोळ’ नाही. बदलांच्या यादीची पहिली ओळ अप्पांनी सांगितली तशी लिहिली: ‘काढून टाकण्याआधी विचारा, कायमचं की आजच्यापुरतं.’ लोकांनी यापेक्षा तांत्रिक काहीतरी अपेक्षिलं असेल. असो.

त्यानंतर मला काही करायला नव्हतं. तेवढ्यात अप्पांची हाक: धाग्याचं रीळ हवंय, तपकिरी, दोन चौक पलीकडे चांगलं मिळतं. आता दिसतं, चालता येतं, तरी मलाच पाठवतात. लाडावलेत. मी गेले. हवा छान होती म्हणून लांबच्या रस्त्याने परत आले. वाटेत जुन्या सहकारी मैत्रिणीला फोनही केला. दोन महिने तिचे फोन मी उचलत नव्हते. तिच्या ऑफिसात माणूस हवंय. सोमवारी ये म्हणाली.

तपकिरी रीळ अप्पांनी खिशात टाकलं. काय शिवणार होते कोणास ठाऊक.

२८ एप्रिल, सोमवार

मुलाखत बरी झाली. समोर बसलेल्या दोघांपैकी एकाने विचारलं, गेल्या दोन महिन्यांत काय केलंत. मी तयारी केलेलं उत्तर विसरले आणि आजींची गोष्ट सांगितली, स्वतःच्या चुकीसकट. ते दोघं ऐकत राहिले. बुधवारी कळवतील.

घरी आले तर दारातच अप्पांचा आवाज ऐकू आला. कोणाशी तरी फोनवर बोलत होते, आणि हसत होते. अप्पा हसतात ते मला माहीत होतं, त्याला आवाज असतो हे माहीत नव्हतं.

फोन नर्सबाईंचा होता. घरचा नंबर मीच दिला होता, काही अडलं तर म्हणून. यादीतलं नाव वाचून त्यांनी विचारलं, हे वेळापत्रकंवाले कोण? अप्पा म्हणाले, मीच. त्याला आता सव्वा तास झाला होता.

मी बूट काढेपर्यंत माझ्या कानावर पडलं ते असं: “नाही नाही, बाई, चारही गाड्या सकाळी एकदम कशाला सोडता? दुसरी पंधरा मिनिटं उशिरा सोडा, ती परतीच्या लोकांना घेऊन येईल… हो, पुलावरून नको… तुम्ही मला गुरुवारची सगळी घरं सांगा. सावकाश सांगा, मी लिहून घेतो.”

मी दारातून डोकावले. अप्पा जमिनीवर बसले होते. समोर कॅलेंडरची तीन पानं चिकटवून पसरलेली, उजवा डोळा कागदाजवळ, मार्कर हातात. मला बघून त्यांनी फोनवर हात ठेवला.

“आलीस? कशी झाली?”

“बरी झाली.”

“झालीच असणार. बस इथे. या बाईंकडे एकोणचाळीस घरं आहेत आणि आपल्याला गुरुवारच्या आत लावायची आहेत.” मग फोनवर म्हणाले, “हां, बोला. सून आलीय माझी. आता दोघं आहोत.”

हे लिहायला म्हणून पाच मिनिटं आत आले होते. बाहेरून विचारणा झालीय की टोकाच्या घरापासून दवाखान्यापर्यंत दुसरी वाट आहे का. आहे बहुतेक. बघते.